इन्फ्युजनचा जोड डिझाइन करताना: काय आधी, काय नंतर

इन्फ्युजन पंप आणि सलाईन सेट बनवू पाहणाऱ्या तरुण मंडळींची ड्रॉइंग्ज माझ्याकडे तपासायला येतात. पंपाची मोटर, सेन्सर, सॉफ्टवेअर यांवर दीड-दोन वर्षं घातलेली असतात. आणि नळी जिथे पंपाला किंवा रुग्णाला जोडली जाते, तो बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा तुकडा शेवटच्या महिन्यात कॅटलॉगमधून उचललेला असतो, नाहीतर घाईघाईत काढलेला असतो. मग गळती, अडकलेले आटे, सुटलेली नळी. बहुतेकांची चूक आकारात नसते, क्रमात असते. आधी कॅड (कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग), मग साचा, मग गळतीची चाचणी आणि सगळ्यात शेवटी सिस्टरच्या हातात. हा क्रम जवळजवळ पूर्ण उलटा करावा लागतो. तो कसा करायचा, ते टप्प्याटप्प्याने लिहितो.

इथे दोनच गोष्टी धरल्या आहेत: हॉस्पिटलमध्ये शिरेतून औषध देणारा सेट, आणि रुग्ण स्वतः वापरतो तो त्वचेखाली इन्सुलिन देणारा छोटा पंप. सीटी स्कॅनच्या वेळी डाय मारणाऱ्या पॉवर इंजेक्टरचे दाब वेगळे असतात. त्याला हे आकडे लावू नका.

## तयारी: टेबलावर काय हवं

कागद आधी. आयएसओ ८०३६९ मालिकेतले तीन भाग लागतील. भाग १ मध्ये छोट्या व्यासाच्या सगळ्या वैद्यकीय जोडांचे सामान्य नियम आहेत, भाग ७ मध्ये शिरेतल्या वापराच्या ल्युअर जोडाची (सिरिंज आणि नळ्यांना असतो तो निमुळता जोड; आटे असले की ल्युअर लॉक) मापं, आणि भाग २० मध्ये चाचण्यांच्या पद्धती. अनेक वर्कशॉपमध्ये अजून आयएसओ ५९४ ची जुनी झेरॉक्स फिरते. ते मानक रद्द झालं, २०१६ मध्ये त्याची जागा भाग ७ ने घेतली. जुन्या कागदावरून साचा बनवू नका. धोक्यांच्या विचारासाठी आयएसओ १४९७१ आणि वापरसुलभतेसाठी आयईसी ६२३६६-१ ही दोन मानकं पहिल्या दिवसापासून हाताशी ठेवा.

मग वस्तू. मेडिकलच्या होलसेल दुकानातून वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिरिंज, थ्री-वे (तीन तोंडांचा कॉक), एक्स्टेन्शन लाइन, व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची बारीक नळी) आणि सुईविरहित व्हॉल्व्ह आणा. त्यांच्यासोबत फीडिंग ट्यूब, बीपी कफची नळी, ऑक्सिजनची नळी, नेब्युलायझरचा सेटही आणा. पहिला गट तुमच्या जोडात नीट बसायला हवा. दुसरा गट जोर लावला तरी बसता कामा नये. हा दुसरा ढीग आणायला बहुतेक जण विसरतात.

हत्यारांत छोट्या टॉर्कचा मीटर, फोर्स गेज, ल्युअरचे प्रमाणित गेज, रंगीत पाणी, टिश्यू पेपर, स्पिरिट स्वॅब आणि ग्लोव्ह्जचे तीन साइजचे डबे.

तपासा: बीपी कफची नळी टेबलावर आहे का? नसेल तर अजून कॅड उघडू नका.

## टप्पा १: पिशवीपासून शिरेपर्यंतचा रस्ता कागदावर काढा

एका मोठ्या कागदावर औषधाचा सगळा प्रवास काढा. बाटली किंवा सिरिंज, पंप, नळी, थ्री-वे, एक्स्टेन्शन, व्हेनफ्लॉन. जिथे जिथे जोड आहे तिथे गोल करा. साधा दिसणारा सेट असला तरी पाच-सहा गोल होतात. प्रत्येक गोलाशेजारी चार उत्तरं लिहा: हा जोड कोण जोडतं, दिवसातून किती वेळा, सुटला तर काय होईल, आणि त्याच्या हाताच्या अंतरावर दुसरी कोणती नळी लोंबकळत असते.

पुढे एक छोटं गणित करा. माझ्या मते या कामातलं हे सगळ्यात उपयोगी गणित आहे. साध्या सलाईन सेटमधून पडणारा थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो, २० थेंबांचा एक मिली. जोडाच्या कडेला लोंबणारा एक थेंब म्हणजे किती औषध?

सलाईन ताशी १०० मिलीने चालू असेल तर दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळाचं. कुणाला कळणारही नाही. सिरिंज पंपातून बीपी टिकवणारं औषध ताशी १ मिलीने चाललं असेल, तर तोच थेंब तीन मिनिटांचा डोस. आणि १०० युनिट प्रति मिलीचं इन्सुलिन असेल तर एका थेंबात पाच युनिट. ताशी अर्धा युनिट बेसल (दिवसभर संथपणे चालणारं इन्सुलिन) घेणाऱ्या माणसाचं ते दहा तासांचं इन्सुलिन आहे. पंप म्हणेल दिलं, पण शर्टाला पडलेल्या ओल्या डागाखेरीज कुठे काही दिसणार नाही.

जोडाच्या आतल्या पोकळीचंही असंच. पोकळी ०.१ मिलीची असेल तर ताशी १ मिलीच्या वेगाला ती भरायला सहा मिनिटं लागतात. औषध सुरू केल्यावर तेवढा वेळ रुग्णाला काही मिळत नाही. नंतर कुणी त्याच वाटेने सलाईनचा फ्लश जोरात मारला, तर पोकळीतलं सगळं औषध एकदम आत जातं. म्हणून ‘गळती नको’ आणि ‘पोकळी कमी’ या तुमच्या गरजांच्या यादीतल्या दोन ओळींना आकडा हवा, आणि तो आकडा तुमच्या औषधाच्या वेगावरून यायला हवा.

सावधान: सेटच्या कुठल्याही जोडाला ‘हा तर कायमचा चिकटवलेला आहे’ म्हणून यादीतून वगळू नका. चिकटवलेला जोडही ओढला जातो.

## टप्पा २: ल्युअर कुठे ठेवायचा, कुठे मुद्दाम टाळायचा

रुग्णाच्या शिरेकडचं टोक ल्युअर लॉकच असू द्या. तिथे स्वतःचा शोध लावू नका. मध्यरात्री दुसऱ्या कंपनीचं एक्स्टेन्शन लावावं लागलं आणि ते तुमच्या नळीला बसलं नाही, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

पण शिरेशी संबंध नसलेल्या ठिकाणी ल्युअर ठेवणं घातक आहे. २००१ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला विंक्रिस्टिन हे फक्त शिरेतून द्यायचं औषध एका १८ वर्षांच्या रुग्णाच्या पाठीच्या कण्यात दिलं गेलं आणि तो वाचला नाही. सिरिंज दोन्हीकडे बसत होती. आज कण्यातल्या वापरासाठी ८०३६९ चा भाग ६ आणि पोटात अन्न देणाऱ्या नळ्यांसाठी भाग ३ असे वेगळे आकार आहेत, ते याच कारणाने. तुमचं उपकरण त्या वापराचं असेल तर तो भाग घ्या.

उरतो तुमचा खाजगी जोड, म्हणजे पंपाच्या कॅसेटला किंवा इन्सुलिनच्या रिझर्व्हायरला नळी लागते तो. इथे नेहमीची चूक म्हणजे ‘जवळजवळ ल्युअर’. चार मिमीच्या आसपासचा निमुळता दांडा, पण उतार जरा वेगळा. कागदावर तो ल्युअर नसतो, हातात मात्र रेटून बसतो, टेबलावर थोडा वेळ टिकतो आणि रुग्ण कुशीवर वळला की सुटतो. एक तर भाग ७ प्रमाणे पूर्ण ल्युअर करा, नाहीतर इतका दूरचा आकार घ्या की दुसऱ्या ढिगातलं काहीही त्यात शिरणार नाही. मऊ प्लास्टिकचा मोह टाळा. जोडाच्या भागाचा लवचिकतेचा गुणांक ७०० मेगापास्कलच्या खाली गेला की तो दाबून कशातही बसवता येतो, म्हणून मानकही त्याला परवानगी देत नाही.

तपासा: दुसऱ्या ढिगातली प्रत्येक वस्तू तुमच्या खाजगी जोडाला दोन्ही हातांनी, पूर्ण ताकदीने लावून बघा. बसली, किंवा क्षणभर टिकली, तरी आकार बदला. भाग १ मधली औपचारिक तपासणी नंतर करायचीच आहे, पण तिच्यात नापास होणारे बरेचसे आकार इथेच कळतात.

## टप्पा ३: हात बघा

या टप्प्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण हाच सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो.

हॉस्पिटलच्या परवानगीने, आणि रुग्णाजवळ उभं राहायचं असेल तर एथिक्स कमिटीच्या मंजुरीने, वॉर्डात थांबा. दिवसा एकदा आणि रात्रीच्या पाळीत एकदा. प्रश्न विचारू नका, बोटांकडे बघा. कुठे पकडतात, किती फेरे देतात, दुसऱ्या हातात काय असतं, दिवा कुठल्या बाजूला आहे.

एका आयसीयूतला प्रसंग सांगतो. आमच्या जोडाच्या कॉलरला, म्हणजे आटे असलेल्या बाहेरच्या कड्याला, चार सुंदर पंख होते, पकडायला सोपे म्हणून काढलेले. रात्री तीनच्या सुमारास एक सिस्टर लाइन बदलत होत्या. ग्लोव्ह्ज सलाईनने ओले, डाव्या हातात व्हेनफ्लॉनचा हब, म्हणजे लाइन जिथे जोडतात ते टोक, धरलेला, कारण तो हलला तर रुग्ण कळवळतो. उजव्या हाताची बोटं पंखांवरून घसरली. त्यांनी पंख सोडून मागची नळीच चिमटीत धरली आणि पिळली. जोड बसला. नळीला पीळ पडलेला होता. त्या पुढच्या बेडकडे गेल्या, आणि मी बघत असताना तो पीळ हळूहळू उलगडला आणि जाताना कॉलर पाऊण फेरा सैल करून गेला. ल्युअरच्या आट्यांचा लीड (एका फेऱ्यात पुढे सरकणारं अंतर) ५ मिमी असतो, दुहेरी सुरुवातीचे आटे असतात ते. पाऊण फेरा म्हणजे पावणेचार मिमी. म्हणजे जोड जवळजवळ सुटलाच होता. मी हाक मारली, त्यांनी परत घट्ट केला. त्या म्हणाल्या, “हे असं नेहमीच होतं, आम्ही वरून चिकटपट्टी लावतो.”

ती चिकटपट्टी म्हणजे आमच्या डिझाइनमधली उणीव होती. सैल फिरणारी कॉलर, म्हणजे दांडा आणि नळी स्थिर राहून फक्त कॉलर फिरते ती, त्या रात्रीनंतर आमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आली.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे स्पिरिट. हब १५ सेकंद घासून वाळू द्यायचा, असं शिकवलेलं असतं. गर्दीच्या वेळी वाळण्याआधीच जोड लावला जातो. ओल्या निमुळत्या पृष्ठभागावर घर्षण कमी होतं, त्यामुळे त्याच ताकदीत दांडा जास्त खोल शिरतो. वाळल्यावर तो असा धरतो की हाताने निघत नाही. मग आर्टरी फोर्सेप्स (धातूचा दातेरी चिमटा) येतो, आणि त्याच्या दातांनी कॉलरला तडा जातो. तुम्ही ऑफिसात कोरड्या हातांनी केलेल्या शंभर चाचण्यांत हे कधीच दिसणार नाही.

इन्सुलिन पंपासाठी वॉर्डाऐवजी घरी जा. जोडणाऱ्याच्या बोटांना मधुमेहाने आलेली बधिरता असू शकते, चष्मा दुसऱ्या खोलीत असू शकतो, जोड शर्टाखाली पोटाशी असतो आणि दिसत नाही. लहान मुलाच्या पंपाला आईच हात लावते, तोही मूल झोपेत वळवळत असताना.

हे सगळं पाहून परत आलात की बाहेरचा आकार आधी ठरवा. शाडूने, साबणाच्या वडीतून किंवा थ्रीडी प्रिंटरवर नुसते ठोकळे करा. आत भोक नको. सात-आठ आकार ओल्या ग्लोव्ह्जने फिरवायला द्या आणि टॉर्क मीटरवर प्रत्येकाने किती पिळला ते लिहून ठेवा. सगळ्यात नाजूक हाताने लावलेला टॉर्क सील व्हायला पुरला पाहिजे, आणि सगळ्यात दणकट हाताने लावलेल्या टॉर्कला भाग टिकला पाहिजे. या दोन आकड्यांच्या मधली पट्टी हीच तुमची खरी स्पेसिफिकेशन.

सावधान: तासांवर तास ऑफिसमधल्या मित्रांवर चाचण्या घेऊन ‘युजर टेस्ट झाली’ म्हणू नका. तुमच्या मित्राने आज सकाळपासून चाळीस लाइन लावलेल्या नसतात.

## टप्पा ४: मापांआधी मटेरिअल

बरेच जण मापं ठरवून झाल्यावर मटेरिअल निवडतात. इथेही क्रम उलटा हवा, कारण आकसण्याचं प्रमाण, चिकटवण्याची पद्धत आणि निर्जंतुकीकरण हे तिन्ही मटेरिअलवर ठरतं.

पॉलिकार्बोनेट पारदर्शक आणि कडक असतं, माप चांगलं धरतं. पण आतला ताण तसाच राहिला असेल तर स्पिरिटने आणि चरबीयुक्त औषधांनी, म्हणजे प्रोपोफॉल किंवा शिरेतून द्यायचं लिपिड इमल्शन, त्याला केसासारख्या चिरा पडतात. पीव्हीसी नळीतलं प्लास्टिसायझर झिरपूनही तेच होतं. एमएबीएस आणि काही कोपॉलिएस्टर या बाबतीत बरे ठरतात. पॉलिप्रॉपिलीन रसायनांना दाद देत नाही, पण सॉल्व्हंटने पीव्हीसी नळी त्याला चिकटत नाही आणि साधा ग्रेड गॅमा किरणांनी ठिसूळ होतो. अॅसिटलचे घसरते भाग छान होतात, पण ते गॅमाला देऊच नका.

निर्जंतुकीकरण इटीओ (एथिलिन ऑक्साइड) वायूने करणार असाल तर एक गोष्ट आताच ठरवा: वायू आत शिरणार कुठून? दोन्ही टोकांना घट्ट टोप्या लावलेल्या सेटमध्ये वायू पोचत नाही, आणि पोचला तर नीट बाहेर पडत नाही. टोपीला श्वास घेण्याची वाट हवी.

तपासा: निवडलेल्या मटेरिअलची पट्टी वाकवून ताणात धरा, स्पिरिटचा बोळा गुंडाळा, दुसऱ्या पट्टीला लिपिड इमल्शनचा. दुसऱ्या दिवशी तिरक्या उजेडात बघा. पांढरी रेघ दिसली तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: आता कॅड

ल्युअरचा उतार ६ टक्के असतो, म्हणजे दर मिमी लांबीला व्यास ०.०६ मिमीने बदलतो. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. व्यासात ०.०३ मिमी चूक झाली तर दांडा अर्धा मिमी आधी किंवा नंतर अडकतो. दांडा खोल गेला तर त्याचं टोक तळाला टेकतं आणि निमुळता भाग सील करण्याआधीच सगळं घट्ट वाटू लागतं. वर राहिला तर आटे पुरेसे पकडत नाहीत. हाताला दोन्ही वेळा ‘बसला’ असंच वाटतं.

म्हणून ‘बसला’ ही जाणीव खरी असायला हवी. टिक् आवाज किंवा खटका देणार असाल, तर तो सील झाल्यानंतरच आला पाहिजे, मापातला सगळ्यात मोठा मान्य फरक (टॉलरन्स) धरूनसुद्धा. सीलच्या आधी येणारा खटका हा खटका नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस तिथेच थांबतो. शिवाय आयसीयूत अलार्मच्या आवाजात टिक् ऐकू येत नाही. बोटाला जाणवेल असा धक्का द्या आणि डोळ्याला दिसेल अशी खूण द्या: कॉलरची कडा हबवरच्या रेषेला मिळाली की झालं. खूण केवळ रंगावर ठेवू नका. रात्रीच्या मंद दिव्यात रंग कळत नाहीत आणि काहींना ते दिवसाही कळत नाहीत.

खाजगी जोडात सोडण्यासाठी दोन हालचाली ठेवा, उदाहरणार्थ दोन्ही बाजू दाबून मग फिरवणं. चादरीत अडकून किंवा पट्ट्यात घासून एकच हालचाल आपोआप होऊ शकते, दोन सहसा होत नाहीत. मात्र त्या दोन्ही एकाच हाताने जमल्या पाहिजेत.

आतली वाट गुळगुळीत ठेवा. पायरी असेल तिथे हवेचा बुडबुडा चिकटून बसतो आणि प्रायमिंग करताना, म्हणजे नळी आधी औषधाने भरताना, टिचकी मारूनही निघत नाही. जोडाचं अंग पारदर्शक ठेवलं तर तो निदान दिसतो.

हवेच्या छिद्रांबद्दल वेगळं सांगायला हवं. इन्सुलिन पंपाच्या काही जोडांत रिझर्व्हायरच्या भोवतालचा दाब बाहेरच्या हवेशी समान राहावा म्हणून सूक्ष्म छिद्रं असतात. २०१३ मध्ये अमेरिकेत अशाच एका पंपाच्या नळ्यांबाबत सूचना काढावी लागली: जोडाच्या आतल्या बाजूला इन्सुलिन सांडलं तर छिद्रं तात्पुरती बुजत आणि डोस कमी-जास्त होण्याचा धोका होता. तुमच्या जोडात छिद्र असेल तर भरताना सांडणारा थेंब कुठे जाईल, ते रंगीत पाण्याने बघा. रिझर्व्हायर उलटा धरून, तिरका धरून, घाईत भरून.

सावधान: घरच्या थ्रीडी प्रिंटरवरच्या नमुन्याने गळती तपासू नका. थरांच्या मधून पाणी जातं आणि तुम्ही नसलेली चूक दुरुस्त करत बसता. तो नमुना फक्त हातात धरून बघायला.

## टप्पा ६: साचेवाल्याशी बसणं

ड्रॉइंग ईमेल करून मोकळे होऊ नका. भोसरी असो की वसई, टूलरूममध्ये जाऊन समोर बसा आणि तीन जागा लाल पेनाने दाखवा.

पहिली, सील करणारा निमुळता भाग. त्यावर पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग मिळतात ती रेघ, येता कामा नये. नखाला जेमतेम लागेल एवढी फ्लॅश (जास्तीच्या प्लास्टिकची कड) असली तरी थेंबाला वाट मिळते. तो भाग अखंड कॅव्हिटीतून (साच्यातल्या पोकळीतून) निघायला हवा, आणि उतार असल्यामुळे तो सहज निघतोही.

दुसरी, गेट, म्हणजे प्लास्टिक साच्यात शिरतं ती जागा. गेट दांड्यावर नको, आट्यांवर नको. आणि गेटच्या समोरच्या बाजूला प्लास्टिकचे दोन प्रवाह जिथे मिळतात ती वेल्ड लाइन कुठे येते, ते आधीच विचारा. कॉलर फुटते ती बहुतेक त्याच रेषेवर.

तिसरी, आकसणं. पॉलिकार्बोनेट साधारण ०.५ ते ०.७ टक्के आकसतं, पॉलिप्रॉपिलीन एक ते अडीच टक्के. चार मिमीच्या दांड्यावर ०.६ टक्के म्हणजे ०.०२४ मिमी, दीड टक्का म्हणजे ०.०६ मिमी. फरक ०.०३६ मिमी. वरचा भिंतीवरचा आकडा लावा: दांडा ०.६ मिमी वेगळ्या जागी बसणार. खर्च वाचवायला त्याच साच्यात दुसरं मटेरिअल टाकण्याची सूचना कुणीतरी हमखास करतं. तेव्हा हे गणित दाखवा.

प्रत्येक कॅव्हिटीचा नंबर भागावर उठवून घ्या. नंतर याचे आभार मानाल. साच्यांच्या प्रशिक्षणासाठी आणि कामासाठी छत्रपती संभाजीनगरला इंडो जर्मन टूल रूम आहे, प्लास्टिकच्या चाचण्यांसाठी तिथेच सिपेट ही प्लास्टिकची सरकारी संस्था आहे. मराठवाड्यातल्या नवउद्योजकांनी मुंबई-पुण्याकडे धावण्याआधी तिथे चौकशी करावी.

तपासा: भाग साच्यातून निघाल्या निघाल्या मोजू नका. दोन दिवस राहू द्या, मग गेज लावा, प्रत्येक कॅव्हिटीचा वेगळा.

## टप्पा ७: चाचण्या, याच क्रमाने

आधी निर्जंतुकीकरण, नंतर चाचणी. उलट केलं तर तुम्ही रुग्णापर्यंत न जाणारा भाग तपासलात.

लॉक असलेल्या ल्युअरसाठी जोड साधारण २७ न्यूटन बल आणि ०.०८ ते ०.१२ न्यूटन-मीटर टॉर्क लावून बसवतात. मग:

१. दाबाखाली गळती: ३०० ते ३३० किलोपास्कल, ३० ते ३५ सेकंद.

२. उलट्या दाबाने हवा आत येते का: वातावरणापेक्षा ८० ते ८८ किलोपास्कल कमी.

३. सरळ ओढून सुटतो का: ३२ ते ३५ न्यूटन, १० ते १५ सेकंद.

४. उलटा पीळ देऊन सुटतो का: सुमारे ०.०२ न्यूटन-मीटर.

५. आटे ओलांडून फिरतो का: ०.१५ ते ०.१७ न्यूटन-मीटर, ५ ते १० सेकंद.

६. ताणाने तडा: जोडलेल्या अवस्थेत ४८ तास ठेवून पुन्हा गळती.

इथे थांबणारे पुष्कळ आहेत. या चाचण्या प्रमाणित संदर्भ-जोडाशी होतात. वॉर्डात तुमचा भाग कुणा दुसऱ्याच्या प्लास्टिकला लागणार आहे. म्हणून पहिल्या ढिगातल्या प्रत्येक कंपनीच्या वस्तूशी जोडून गळती पुन्हा बघा. मग ओलं जोडून. मग स्पिरिट लावून, न वाळवता. मग जितक्या वेळा तो प्रत्यक्षात उघडतो त्याच्या दुप्पट वेळा उघड-बंद करून. आणि टप्पा ३ मधल्या सगळ्यात दणकट हाताच्या टॉर्कला. सेटवर जी मुदत छापणार आहात तेवढा जुना झालेला नमुनाही यातून गेला पाहिजे.

थेंब शोधायला टिश्यू पेपर जोडाभोवती गुंडाळा आणि रंगीत पाणी वापरा. डोळ्याला न दिसणारा ओलावा टिश्यूवर लगेच ठिपका उमटवतो.

## टप्पा ८: वापरणाऱ्यांकडून चाचणी

तुम्ही हे लहान लहान फेऱ्यांत आधीपासून करत असाल, पाच-सात जणांसोबत, तर इथे धक्के बसत नाहीत. शेवटच्या फेरीसाठी अमेरिकेचं एफडीए वापरकर्त्यांच्या प्रत्येक गटातून किमान १५ जण सुचवतं. भारतापुरतं विकणार असलात तरी हा आकडा धरा. आयसीयूतल्या सिस्टर-ब्रदर हा एक गट, घरी पंप वापरणारे रुग्ण दुसरा, त्यांची काळजी घेणारे घरचे तिसरा. एकाची कसर दुसऱ्याने भरून निघत नाही.

मंद उजेड, ओले ग्लोव्ह्ज, बाजूला अलार्म वाजतोय, आणि टेबलावर तुमच्या जोडासोबत दुसऱ्या ढिगातल्या नळ्याही पसरलेल्या. काम सांगा आणि गप्प राहा. तोंडातून “नाही, तिकडून” निघालं की ती चाचणी बाद. ‘चुकता चुकता वाचले’ असे क्षणही चुकीइतकेच गंभीरपणे लिहा. नंतर विचारा की बसला हे तुम्हाला कशावरून कळलं. “घट्ट वाटला” हे उत्तर वारंवार आलं तर तुमची खूण कुणी पाहत नाहीये.

माहितीपत्रक मराठीत द्यायचं असेल तर इंग्रजीचं शब्दशः भाषांतर छापू नका. ‘घड्याळाच्या दिशेने परिभ्रमित करा’ वाचून एक आजी माझ्याकडे बघत राहिल्या होत्या. “बाटलीचं झाकण लावतो तसं फिरवा, रेघेला रेघ मिळेपर्यंत” म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच वेळी बरोबर लावला.

सावधान: लोक चुकले म्हणून माहितीपत्रकात ठळक अक्षरं वाढवू नका. आकार बदलायला अजून वेळ आहे का, ते आधी बघा.

## टप्पा ९: परवाना आणि पहिल्या तक्रारी

कागदपत्रांचं थोडक्यात. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे अ आणि ब वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्याच्या प्राधिकरणाकडून, तर क आणि ड वर्गाचा केंद्राच्या सीडीएससीओ या औषध नियामकाकडून मिळतो. वर्ग लवकर नक्की करा, आणि वरच्या प्रत्येक टप्प्याच्या नोंदी त्या त्या दिवशीच्या तारखेने ठेवा. मागाहून लिहिलेल्या नोंदी तपासणाऱ्याला ओळखू येतात. मटेरिअलचा ग्रेड, पुरवठादार, साचा किंवा निर्जंतुकीकरण यांपैकी काहीही बदललं तर टप्पा ७ पहिल्यापासून.

माल गेल्यावर पहिली तक्रार येईल ती साधारण अशी: “लीक होतंय, दुसरा पाठवा.” लगेच दुसरा पाठवा, पण हॉस्पिटलला आधीच सांगून ठेवा की जो जोड गळतोय तो उघडू नका. रुग्णाकडून लाइन काढली की जोडाच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावून, दोन्ही भाग एकमेकांत तसेच ठेवून पिशवीत घाला आणि जैविक कचऱ्याचे नियम पाळून आमच्याकडे द्या. सुटा केलेला जोड काही सांगत नाही. जोडलेल्या जोडावर कॉलरची कडा रेषेपासून किती दूर आहे ते दिसतं, समोरचा भाग कुठल्या कंपनीचा आहे ते कळतं, फोर्सेप्सचे दात उमटलेत का तेही दिसतं. आणि कॅव्हिटीचा नंबर वाचून कपाटातून त्याच लॉटचा ठेवलेला नमुना काढता येतो.